भाऊजींच्या कॉम्प्युटरची नवी डिस्क

आवाज आधी आक्कांनी ऐकला.

सकाळचे नऊ वाजले असतील. कार्तिकातलं कोवळं ऊन समोरच्या खोलीत आलं होतं. आक्का शिलाई मशीनवर बसून ब्लाउजच्या बाह्या जोडत होत्या आणि शेजारच्या टेबलाशी मी कॉम्प्युटर चालू व्हायची वाट बघत होते. एकाएकी त्यांनी मशीन थांबवलं आणि मान तिरकी केली.

“तुझ्या डब्याच्या पोटात कायतरी टकटकतंय.”

मला काहीच ऐकू येईना. “पंखा असंल, आक्का.”

“पंखा घरघरतो. ह्ये टकटकतंय. बाबीन सैल झाल्यावर मशीन वाजतं ना, तसं.”

मी खाली वाकून कान लावला. खरंच होतं. टक, टक, मग थोडा वेळ शांत, पुन्हा टक. पडद्यावरचं गोल चक्र जागच्या जागी थिजलं होतं. त्या दिवशी कॉम्प्युटर सुरू व्हायला चहा होऊन, पिऊन, कपबशा विसळून झाल्या एवढा वेळ लागला.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचं घर शिनोलीत, भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. माझं माहेर तिकडं जुन्नर तालुक्यात, पिंपरी पेंढारला. कांदा, द्राक्षं, पाटाचं पाणी. आक्कांचं माहेर बरोबर उलट्या दिशेला, तळेघरच्याही पुढं डोंगरातली एक वाडी. भात आणि नाचणी. त्या पाचवी शिकलेल्या. मी बारावी, वर जुन्नरला जाऊन मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली. पण हाताची गोष्ट निघाली की मी त्यांच्यापुढं कुठंच नाही. घरातला मिक्सर, इस्त्री, नळाचा वायसर, सगळं त्यांच्या शिलाई मशीनच्या स्क्रूड्रायव्हरनं दुरुस्त होत आलेलं आहे.

कॉम्प्युटर मात्र भाऊजींचा. भाऊजी म्हणजे आक्कांचे यजमान, माझे थोरले दीर. त्यांनी आयुष्यभर टपाल वाटलं. सायकलवर, आणि सायकल जाईना तिथं पायी. रिटायर झाल्यावर महिनाभर ते घरात नुसते येरझारा घालत होते. मग एक दिवस सकाळच्या गाडीनं मंचरला गेले आणि दुपारी टेम्पोत पुढं बसून परत आले ते मॉनिटरचं खोकं मांडीवर घेऊन. मागं दोन खोकी, त्यांना गोधडी गुंडाळलेली. गल्लीतली माणसं जमली. कुणीतरी विचारलं, “भाऊ, टीव्ही का?” भाऊजी म्हणाले, “न्हाई. आमच्या धाकट्या सूनबाईची बोटं गंजायला लागल्यात, त्याला तेल आणलंय.”

मी दाराआडून ऐकलं आणि मला रडूच आलं. टायपिंगची परीक्षा पास होऊन मला सहा वर्षं झाली होती. नोकरीचा कॉल कधी आला नव्हता, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं. भाऊजींनी ते मनात धरून ठेवलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा थोरला दीर धाकट्या भावजयीशी सरळ बोलत नसे. मधे आक्का लागायच्या. मी लग्नपत्रिकांचा मजकूर टाइप करायला लागले, मंचरच्या छापखान्याला तो जायचा, आणि छापायला जाण्याआधी भाऊजी लाल पेन घेऊन कागद वाचायचे. मी दोन हातांवर बसलेली असायचे, तरी ते आक्कांकडं बघून म्हणायचे, “तिला म्हणावं, तिसऱ्या ओळीत काना राहिला.” आक्का मशीन न थांबवता म्हणायच्या, “तिसऱ्या ओळीत काना ऱ्हायला गं.” मी काना द्यायचे. “तिला म्हणावं, आता बरोबर.” “बरोबर हाय म्हनं.”

एकदा आक्का भातकापणीला माहेरी गेल्या होत्या आणि पत्रिका त्याच दिवशी पाठवायची होती. भाऊजींनी कागद वाचला, पेन ठेवलं, घसा खाकरला. खोलीत आम्ही दोघंच. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं आणि कॅलेंडरला सांगितलं, “वरमाईच्या गावाचं नाव चुकलंय.” मी दुरुस्त केलं. दुपारपर्यंत कॅलेंडरशी त्यांचं तीन-चारदा बोलणं झालं. संध्याकाळी ते माझ्याकडं बघून म्हणाले, “च्या करतीस का?” तिथून पुढं मधे कुणी लागलं नाही.

पुढं ते स्वतःही टाइप करायला शिकले, एका बोटानं. दुपारी मी भांडी घासायला मागं गेले की ते टेबलाशी बसायचे. कुणाकुणाला अर्ज लिहायचे. आक्कांच्या माहेरच्या वाडीपर्यंत बस यावी, हा त्यांचा मोठा ध्यास. तळेघरपासून पुढं पायवाट, आणि त्या वाटेनं त्यांनी वर्षानुवर्षं टपाल नेलेलं. अर्जांचं एक वेगळं फोल्डर त्यांनी केलं होतं, त्यात मी कधी डोकावले नाही. रविवारी आंघोळ झाली की ते कॉम्प्युटरची डिस्क ‘विंचरायचे’. तेव्हा डिस्कवर विखुरलेलं एका जागी आणणारा एक प्रोग्राम होता, पडद्यावर लाल-निळ्या पट्ट्या यायच्या आणि लाल हळूहळू कमी व्हायच्या. चहा घेऊन ते समोर बसायचे, एखाद्या पोरीची वेणी घालावी तसे निवांत. “गुंता निघतोय,” म्हणायचे.

शेवटी बस आली. अर्जांनी आली की रस्ता डांबरी झाला म्हणून आली, ते देव जाणे. दिवसातून एक फेरी, वाडीच्या फाट्यापर्यंत. भाऊजी पहिल्या फेरीत बसून गेले होते. त्यानंतर दोन उन्हाळे ते होते. मग गेले. झोपेतच, फार त्रास न होता.

आक्कांनी त्यानंतर कॉम्प्युटरला जाड कापडाचं आच्छादन शिवलं. त्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता, पण पुसायच्या रोज.

टकटक ऐकली त्याच दिवशी मी आक्कांच्या मुलाला फोन लावला. तो पुण्यात नोकरीला आहे. तो म्हणाला, “काकी, हार्ड डिस्क चाललीये. आता तो डबा टाका, मी लॅपटॉप बघतो.”

“अरे, पण माझा टायपिंगचा प्रोग्राम? त्याची सीडी कुठं गेली माहीत नाही. जुन्या पत्रिका त्याच्याशिवाय उघडत नाहीत.”

“मग एसएसडी टाकावी लागेल. जुन्यातलं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवायचं. पुढच्या महिन्यात सुट्टी काढून येतो.”

फोन स्पीकरवर होता. आक्का म्हणाल्या, “म्हैनाभर ह्ये टिकायचं न्हाई. कायबाय शिकव तिला, आमी दोघी करतो.”

“आई, ते ब्लाउज शिवण्यासारखं नाही.”

“ब्लाउज शिवून दाव मग,” आक्का म्हणाल्या, आणि फोन माझ्या हातात देऊन उठल्या.

त्यानं मग नीट सांगितलं. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावरनं एक सुई हलते, सुई बिघडली की टकटक. नव्या एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, मोबाइलच्या मेमरी कार्डासारखी ती मुकी असते. म्हणून वेगानं चालते. मी वहीत सगळं लिहून घेतलं. काम संपेपर्यंत शक्य तितका कॉम्प्युटर बंद ठेवा, असंही त्यानं बजावलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच मंचरला गेले. दुकानात गर्दी होती. मी ऐटीत म्हटलं, “एसएसडी द्या, चांगल्यातली.” दुकानदारानं विचारलं, “नवी पट्टी येते ती का?” नवी म्हटल्यावर मी हो म्हणून मोकळी झाले. घरी येऊन डबी उघडली तर आत च्युइंगमच्या कांडीएवढी हिरवी पट्टी.

आक्कांनी कॅबिनेट आडवं केलं, वायर काढली, अंगातली वीज उतरावी म्हणून पुतण्यानं सांगितल्याप्रमाणं आधी खिडकीच्या गजाला हात लावला आणि बाजूचा पत्रा उतरवला. आत धुळीची गोधडी. एका कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची दोन रिकामी टरफलं. त्यांनी जुन्या टूथब्रशनं सगळं हळूहळू झाडून काढलं. मग पट्टी हातात घेऊन त्या आतल्या बोर्डावर सगळीकडं फिरवत राहिल्या.

“हिचं घर ह्यात न्हाई,” त्या म्हणाल्या.

“असं कसं? नीट बघा.”

“अगं, काज न्हाई तिथं बटण कुठं लावू? हे बघ, जुन्या डिस्कला दोन वायरी हाईत. एक रुंद, एक बारकी. ह्या पट्टीला वायर लागतच न्हाई. जात येगळी हाय.”

पुतण्याला फोटो पाठवला. त्याचा निरोप आला, आई म्हणते ते बरोबर आहे, आपल्या बोर्डावर त्या पट्टीची खाचच नाही. सपाट डबीसारखी एसएसडी मिळते, वायरीची, ती आणा.

मला लाज वाटली. आक्कांनी सीडीच्या खणाला लागलेल्या तशाच दोन वायरी बघितल्या, बारकी उपसून काढली आणि कापडी पिशवीत टाकली. “उद्या मी येते. बाबीन आनायची तर जुनी बाबीन संगं न्यावी.”

दुसऱ्या दिवशी दुकानदारापुढं आक्कांनी ती वायर ठेवली. “ह्याला बसंल अशी द्या भाऊ.” तो हसला. “मावशी, असं गिऱ्हाईक रोज आलं तर माझं निम्मं डोकं वाचंल.” त्यानं पट्टी बदलून दिली, आणि दोन डब्या पुढं ठेवल्या, दोनशे चाळीस आणि चारशे ऐंशी जीबीची. माझी जुनी डिस्क पाचशेची, पण भरलेली फक्त एकशे साठ. मी लहान डबीला हात घातला.

“कापड बेताचं घिऊ नये,” आक्का म्हणाल्या. “शिवण उसवली तर दाब सोडाया जागा पायजे.”

आम्ही मोठी घेतली. दुकानदारानं सांगितलं, ही आत नुसती लोंबकळत ठेवली तरी चालते, आत हलणारं काही नाही. आक्कांना ते पटलं नाही. घरी आल्यावर त्यांनी सीडीच्या खणाच्या दोन्ही वायरी तिला जोडल्या, एका बाजूनं स्क्रू पिळला आणि दुसरी बाजू परकराच्या नाडीच्या पट्टीनं खणाला घट्ट बांधली. गाठ मारून, टोकं कापून. ती नाडी अजून आत आहे.

खरं काम पुढं होतं. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवणारा प्रोग्राम पुतण्यानं पाठवला होता. त्याबरोबर एक ताकीद होती. डावीकडं जुनी डिस्क निवडायची, उजवीकडं नवी. उलट झालं तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरेल आणि सगळं पुसलं जाईल. परत काही आणता येणार नाही.

त्याआधी भाऊजींचं फोल्डर तरी पेनड्राइव्हवर घ्यावं म्हणून मी प्रयत्न केला. निम्म्यावर जाऊन ते अडकलं आणि टकटक सुरू झाली. आक्का झटकन म्हणाल्या, “सोड. त्याला दुखतंय तिथं पुन्हा पुन्हा हात लावू नको.”

प्रोग्राम उघडला. दोन ओळी आल्या. एका डिस्कपुढं ४६५, दुसरीपुढं ४४७. मी गोंधळले. पाचशे कुठंय आणि चारशे ऐंशी कुठंय? फसवलं की काय आपल्याला? दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, कंपनीची मोजणी वेगळी, कॉम्प्युटरची वेगळी. पाचशेची ४६५ दिसते, चारशे ऐंशीची ४४७. माझा हात माऊसवरच थांबला. एक डिस्क भरलेली, एक रिकामी, आकडे जवळजवळ सारखे.

आक्का खुर्ची ओढून शेजारी बसल्या. डोळ्यांवर शिवणाचा चष्मा. “भरलेलं कोंचं आन् रिकामं कोंचं, येवढंच बघायचं ना?”

“हो.”

“मोठा आकडा जुन्याचा?”

“हो. चारशे पासष्ट.”

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “च्यार, सहा, पाच. हे डावीकडं. आता दाब.” मी दाबलं. “च्यार, च्यार, सात. उजवीकडं. थांब.” त्यांनी पुन्हा एकदा दोन्ही आकडे बोटानं वाचले, एकेक. वाचता वाचता त्यांचे ओठ हलत होते. “आता दाब.”

पट्टी सरकायला लागली. अडतीस टक्क्यांवर वीज गेली.

वारा सुटला होता, तारेवर कुठंतरी फांदी पडली होती. खोलीत एकदम शांतता. मी कपाळाला हात लावून बसले. पुतण्या फोनवर म्हणाला, घाबरू नका, जुन्यावर फक्त वाचन चालू होतं, पुसलं काही नाही. पण सुरुवातीपासून करावं लागेल, आणि प्रत्येक वेळेला जुनी डिस्क थकते आहे.

तारेचं काम होईपर्यंत आम्ही कॉम्प्युटरला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी धारा, पाणी, स्वयंपाक सगळं उरकून नऊला बसलो. पुन्हा तेच आकडे, तेच बोट. या वेळेला मी ‘वाचता येणार नाही ते सोडून पुढं जा’ अशा खुणेवर टिक केली.

दुपारचे चार वाजले. आम्ही टेबलापासून हललो नाही म्हटलं तरी चालेल. आक्कांनी शिलाईसुद्धा बंद ठेवली. “मशीननं टेबल हादरतं. त्याला हिसका नको.” मी भाकरी तिथंच आणून दिली. पट्टी मुंगीच्या पावलानं जात होती आणि बोलायला वेळच वेळ होता. तोवर आक्का स्वतःच्या लग्नाआधीचं कधी बोलल्या नव्हत्या.

“हे टपाल घिऊन यायचे तवा आमी खाचरात असायचो,” त्या म्हणाल्या. “माझ्या बापाची मनिऑर्डर यायची मुंबईच्या चुलत्याकडनं. हे बांधावर उभं ऱ्हाऊन नाव पुकारायचे. माझा बाप घरात नसला तर सही कोन करनार? मला सही येत व्हती, पाचवी झाली व्हती माझी. मी चिखलाचा हात परकराला पुसून सही केली. ह्यांनी ती सही लई येळ बघितली. म्हनले, अक्षर चांगलं हाय.”

“मग?”

“मग काय! पुढच्या म्हैन्याला मागणं घिऊन मामाला धाडलं.” त्या हसल्या. “अक्षर बघून केली म्हनं. आन् नंतर सौंसारात अक्षर काडायला येळच कुठं मिळाला!”

टकटक मधूनमधून वाढायची. मग आम्ही दोघी गप्प व्हायचो. ती थांबली की बोलणं पुढं सुरू.

चारच्या सुमारास पट्टी भरली. खाली एक ओळ आली, काही भाग वाचता आले नाहीत. किती, कुठले, ते काही नाही. मी कॉम्प्युटर बंद केला, आक्कांनी जुन्या डिस्कच्या वायरी उपसल्या. पुन्हा चालू केला. काळा पडदा, वरच्या कोपऱ्यात पांढरी रेघ लुकलुकतेय. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

“मेलं का?” आक्कांनी हळूच विचारलं.

मी वही उघडली. पुतण्यानं सांगितलेलं होतं. चालू होताना एक बटण दाबून आतल्या यादीत जायचं, आधी कुठली डिस्क बघायची ते तिथं ठरतं. कॉम्प्युटर बिचारा अजून जुनीलाच शोधत होता. मी नव्या डिस्कचं नाव पहिल्या नंबरला आणलं आणि बाहेर पडले.

आक्का उठून चहा ठेवायला निघाल्या होत्या, कॉम्प्युटर चालू केला की ठेवतो तसा. दारापर्यंत पोचल्या असतील, तोच मी ओरडले, “आक्का!”

पडद्यावर भाऊजींनी लावलेलं चित्र, भाताच्या खाचरांचं, जसंच्या तसं. सगळी चिन्हं जागच्या जागी.

“झालं? येवढ्यात?” त्या परत आल्या. चेहरा आनंदाचा होता, पण थोडा खट्टूही. “आता च्या कवा करायचा मग?”

टायपिंगचा प्रोग्राम उघडला. पत्रिका उघडल्या, एक-दोन सोडून. कित्येक लग्नांचे मजकूर. त्यातल्या काही पोरी आता स्वतःच्या पोरांच्या बारशाच्या पत्रिका करायला येतात. मग भाऊजींचं फोल्डर. चौदा अर्ज होते. तीन उघडले नाहीत, नुसते चौकोन चौकोन दिसले. ते गेले ते गेलेच, पुतण्यानं नंतर जुन्या डिस्कवरून पुष्कळ खटपट केली, पण मिळाले नाहीत. अकरा उघडले.

“वाच की,” आक्का म्हणाल्या.

मी मोठ्यानं वाचायला लागले. पहिले तीन-चार साधेच, ‘विनंती अर्ज’, वाडीची घरं किती, शाळेत जाणारी मुलं किती, आजारी माणसाला डोलीतून आणावं लागतं वगैरे. पाचव्या अर्जात मधेच हे होतं:

‘माझी पत्नी सदर वाडीची माहेरवाशीण आहे. लग्नास बत्तीस वर्षे झाली. ती माहेरी जाते तेव्हा तळेघरपासून तीन तास चालते. तिचे गुडघे दुखतात, ती सांगत नाही. मी टपाल घेऊन तीच वाट चालत असे, म्हणून मला माहीत आहे. तिच्या आईच्या शेवटच्या आजारात ती वेळेवर पोहोचू शकली नाही. ते दुःख ती बोलत नाही. तरी गाडी सुरू करावी ही नम्र विनंती.’

मी पुढं वाचू शकले नाही. आक्का पडद्याकडं बघत होत्या. मग त्यांनी चष्मा नीट केला, खुर्ची पुढं घेतली आणि स्वतः वाचायला लागल्या, अक्षराला अक्षर जोडत. ‘पत्नी’ या शब्दावर त्या थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“मला कवा बोलले न्हाईत,” त्या म्हणाल्या.

“मलाही नाही दाखवला, आक्का. स्वतःच टाइप केलाय.”

“सायबाला सांगितलं. मला न्हाई सांगितलं.” त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग एकदम म्हणाल्या, “आन् तीन तास न्हाई. अडीच. येताना तीन, चढ हाय म्हून.”

त्या उठून मागं गोठ्यात गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या तेव्हा संध्याकाळचा दिवा लागला होता. मला म्हणाल्या, “तो कागद छापून दे. दोन प्रती.”

एक प्रत त्यांनी गीतेच्या पोथीत ठेवली. दुसरीचं त्यांनी काही सांगितलं नाही.

नवी डिस्क आल्यापासून मी पत्रिकेचं काम दुपारपर्यंत संपवते. टकटक नाही, घरघरसुद्धा कमी. पहिल्या रविवारी सवयीनं मी ती विंचरायचा प्रोग्राम शोधायला गेले, तेव्हा पुतण्यानं फोनवर थांबवलं: एसएसडीला विंचरायचं नसतं काकी, उगाच झिजते. खोली फार शांत झाली आहे. कधीकधी आक्का शिवता शिवता मशीन थांबवतात आणि ऐकतात.

मार्गशीर्षात त्या मला म्हणाल्या, “चल, माहेरी जाऊन येऊ. तू कवा आलीच न्हाईस.” लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आणि खरंच मी त्या वाडीला कधी गेले नव्हते. आम्ही घरासमोरून गाडी पकडली. तळेघरला ती बरीच रिकामी झाली, पुढं आम्ही सात-आठ माणसं राहिलो. भात कापून झालं होतं, खाचरांत पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. आक्कांनी मला खिडकीशी बसवलं आणि माझ्या अंगावरून वाकून बाहेर बोट दाखवत राहिल्या. ही पायवाट. हा ओढा, यात पावसात गळ्यापर्यंत पाणी असायचं. या आंब्याखाली ते टपालाची पिशवी उतरून बसायचे. इथं एकदा आम्ही दोघं भेटलो होतो, लग्नाच्या आधी, पण बोललो नाही.

“काहीच नाही बोललात?”

“ते म्हनले, तुमचं टपाल न्हाई आज. मी म्हनलं, बरं.”

फाट्यावर उतरलो. तिथून वाडी हाकेच्या अंतरावर. आक्कांचा भाऊ खळ्यात होता. आक्कांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली ती दुसरी प्रत काढून त्याच्या हातात दिली. तो उन्हात उभा राहून वाचायला लागला. त्याला वाचायला वेळ लागत होता, आणि आम्ही तिघी, आक्का, मी आणि त्यांची भावजय, त्याच्या तोंडाकडं बघत उभ्या होतो. वाचून झाल्यावर त्यानं कागदाची घडी केली आणि टोपीच्या आत ठेवली.

भावजय तांब्या घेऊन आली आणि आमच्या पायांवर पाणी घालायला लागली.

“अगं, आमी गाडीनं आलो,” आक्का म्हणाल्या. “चाललो कुठं?”

“असू द्या वन्सं,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या पायावर पाणी घातलं.